पोळपाटातली पायरी

आप्पा, आज सकाळी पोळपाट धुताना परत नख आडलं. रोजच आडतंय. काठाला तुमी जी गोल रेघ पाडली ती जितनं सुरू झाली आन फिरून जितं येऊन मिळाली, तितं एक पायरी हाय. बारकीच, पण हाय. एका अंगाला रेघ उथळ, दुसऱ्या अंगाला खोल. कणीक तितंच बसती, मी काडेपेटीच्या काडीनं उकरून काढते. तुमी हुतासा तवा बी काढत हुते आन तुमाला कदी बोलले न्हाय. तुमचं बारावं होऊन चार दिस झालं, पण ते न बोललेलं माझ्या छातीत तसंच बसलंय. म्हणून माझी आरू झोपलीया तवर लिवायली हाय. नववीपतूर शिकलेली तुमची सून, आक्षर तुमाला ठावंच हाय. लाकडावर बरं येतंय, वहीत न्हाय.

तुमाला मी लई भ्यायची. लगीन होऊन आले तवा वरीसभरात धा शब्द बोलले असन तुमच्यासंगं. तुमी दारात खोकलासा की मी पदर वढून आत. काकतीत आपल्या गल्लीत सगळी म्हणायची, आप्पा सुताराचा हात बगावा, पेन्सिलीच्या रेघंवरनं पटाशी चालली की रेघ निम्मी हिकडं, निम्मी तिकडं ऱ्हाती. मला वाटायचं एवड्या नेमाच्या माणसाला माझं काय पटणार, माझ्या तर चपात्या बी नकाशागत.

आरू पोटात हुती तवा उनाचं घरात बसवंना. तुमच्या कामाच्या पत्र्याखाली वारा हुता, लाकडाचा वास बरा वाटायचा, तितं येऊन बसायची. एकदा तुमी टेप माझ्याकडं टाकलासा. "त्ये टोक धर गं." झालं, तितनं सुरू. मंग एक दिस हाताला चाळा म्हणून मी कोळशानं फळकुटावर रांगोळीतली वेल काढली. तुमी ते फळकूट उचलून उजेडाकडं धरलं, हिकडनं तिकडनं फिरवून बगितलं. मला वाटलं आता वराडणार, चांगलं लाकूड नासलं म्हणून.

"हे सागवानावर काढशील का?" एवडंच म्हणालासा.

मंग मी काढायची आन तुमी कोरायचं. आत्ती गॅसपास्नं म्हणायच्या, "व्हय व्हय, माझ्या सुनंला सुतार करा, मी हाय की चपात्या लाटायला." तुमी मिशीत हसायचासा. मी खाली बगून हसायची. आरू झाल्यावर पाळणा बी तितंच टांगला, तुमच्या पत्र्याखाली.

निपाणीच्या पद्माक्कांनी देव्हारा सांगिटला. दोन दारं, दोन्ही दारांवर वेल. म्हणाल्या, बेळगावात संगणकावर कोरून मिळत्यात, पण मला तुमच्या हातचीच पायजेत, दिवाळीच्या आदी द्या म्हंजे झालं. पटाशीनं कोरायचं तर म्हैना-दीड म्हैना जातोय, आन तुमची नजर पैल्यागत ऱ्हायली न्हवती. म्हणून राउटर मशीन घ्यायची ठरली. खाली बिट, म्हंजे कोरायचं पातं, गरागरा फिरतंय, आपुन दोनी हातांनी धरून मशीन रेघंवरनं न्यायची, लाकूड खात जातंय. चार दिसात वेल.

त्या बाजारातल्या दिसावर माझा जीव आडकलाय आप्पा.

आरूला कडंवर घेऊन बसनं बेळगावला गेलो आपुन. दुकानदारानं दोन मशिनी काढून ठेवल्या. एक जड, चांगल्या पेटीतली. एक हलकी, पुठ्ठ्याच्या खोक्यातली, किंमत निम्म्यापक्षा कमी. तुमी दोनी लावायला सांगिटल्या. जड मशीन हळूच सुरू झाली, पैल्या गेरात गाडी निघाल्यागत. हलकी झटका देऊन वराडली, आरू दचकून रडाय लागली. मंग दोनी बंद करून तुमी नट काढला, बिट धरायचा चक बगितला, अंगठ्यानं दाबला, डोळं मिटून हालवला. मला म्हणालासा, "बग. हिची पकड मुठीत धरल्यागत हाय. आन हिची, बाजारात पोरगं आईचा पदर धरतंय तशी. कवाबी सुटंल."

दुकानदार म्हणाला, "मामा, भोक दोनी बी पाडत्यात की."

"भोक उंदीर बी पाडतोय रं," तुमी म्हणालासा. बाजूचं गिऱ्हाईक बी हसलं.

पण मी आठ दिस फोनवर बगत हुते. व्हिडिओतला माणूस म्हणत हुता, घरच्या कामाला हलकी बास हाय, जास्ती झालं तर मोटारीतलं कार्बन बदलायचं. आन जड मशीन मी उचलून बगितली तर माझं मनगटच वाकलं. आन खरं सांगू का, पाळण्याच्या वरचा पत्रा गळत हुता, ते डोक्यात हुतं. मी म्हणले, "आप्पा, हलकी घेतली तर उरल्याल्या पैशात पत्रा हुतोय."

तुमी माझ्याकडं बगितलं, मंग आरूकडं. "माझं कान सांगायलेत, जड घे. पण वाचणारी तू, फोनवर बगणारी तू, उद्या चालवणारी बी तूच. तू ठरव."

आप्पा, माझ्या जल्मात मला कुनी तू ठरव म्हणलं न्हवतं. शाळा सोडायची तवा न्हाय, लगनाच्या येळला न्हाय, पोरीचं नाव ठेवायला बी तिची आत्याच. दुकानदार बोटं वाजवत उबा. मी हलकीवर हात ठेवला. तुमी खोकं काखंत मारलं आन बसकडं चालू लागलासा.

घरात आल्या आल्या आत्तींनी इचारलं, "कुनी निवडली?"

"आमी दोघांनी," तुमी म्हणालासा.

"हिनं निवडली असंल आन काय बिगाडलं, तर सांगून ठेवते, परत पत्र्याखाली पाय ठेवू देणार न्हाय हिला. पोरगी संभाळायची सोडून मशिनी!"

ते माझ्या डोक्यात खिळ्यागत बसलं.

नव्या हत्याराचं पैलं काम विकायचं न्हाय, घरात ठेवायचं, ही तुमच्या वडलांपास्नंची रीत. म्हणून पैला पोळपाट केला. काठाला गोल रेघ तुमी पट्टी न लावता नुसत्या हातानं पाडली, माझ्या पेन्सिलीच्या गोलावरनं. कंपासनं काढल्यागत आली. फुकून भुसा उडवला आन पोळपाट मला दिलासा, "घे, मालकीणबाई, तुझ्या मशिनीचा."

त्याच दिवशी चपात्या केल्यावर पोळपाट धुतला आन नख आडलं. परत फिरवलं, परत आडलं. मला तितंच कळलं आप्पा. रेघ सुरू हुताना उथळ हुती आन फिरत फिरत खोल गेली, म्हंजे बिट चकातनं जरा जरा सरकत हुतं. तुमी दुकानात सांगिटलतं तेच. मला कळलं आन मी काय केलं, त्या पायरीत कणीक दाबून बसवली आन वरनं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. कुनाला दिसू ने म्हणून. एकीकडं आत्तींचं बोलणं, दुसरीकडं तुमचं तू ठरव. ते एकदाच मिळाल्यालं, ते चुकलं म्हणून सांगायचा मला धीर झाला न्हाय.

देव्हाऱ्याचं पैलं दार बरं गेलं. मला वाटलं आपला वहीम हुता. दुसऱ्या दारावर शेवटचं पान ऱ्हायलतं, मी पाळण्याची दोरी वढत हुते, आन मशीनीचा आवाज बदलला. जाड झाला. तुमी बंद करूस्तवर बिटाचं टोक फळीच्या पल्याड निगालतं. सागवानाच्या दाराला आरपार भोक.

तुमी चष्मा काढून धोतरानं पुसला. "जा, चा ठेव," म्हणालासा. सोमवार हुता. मी आत जाऊन चा कमी आन डोळंच जास्ती उतू घालवलं.

बुधवारी पद्माक्का बगायला आल्या. पत्र्याखाली गल्लीतली दोन माणसं बी बसलीती. पद्माक्कांनी भोकात बोट घातलं आन तुमच्याकडं बगितलं. तुमी उबं ऱ्हायलासा आन म्हणालासा, "माझा हात हालला आक्का. वय झालं."

"इरली बिडरी आप्पा," त्या म्हणाल्या. जाऊ द्या म्हणाल्या.

मी चा घेऊन उबी. ट्रेमधल्या कपबश्या वाजायल्या, तेवडाच माझा आवाज. एक पाऊल पुढं टाकून बोलायचं हुतं. न्हाय टाकलं.

त्या दोन माणसांनी मंग काय करायचं ते केलं. आठ दिसात सगळीकडं झालं, आप्पाचा हात गेला. दाराची चौकट करून मागणारा म्हणाला, बगू पुढच्या म्हैन्यात. शाळंच्या बाकड्यांचं काम दुसऱ्यानं नेलं. ज्या हातावर तुमी जल्मभर उबं ऱ्हायलासा, तो हात तुमी सोताच्या तोंडानं मोडून दिला. मला वाटलं तुमाला खरंच तसं वाटतंय. मशीन खोक्यात गेली आन तुमी नवी फळी घेऊन पटाशीनं बसलासा. नाकाला फळी लागंल एवडं वाकून. मी वेल काढून दिली, जरा मोठ्या पानांची, तुमाला दिसावी म्हणून. तुमाला कळलं. "पानं माजल्यात गं," म्हणालासा, पण कोरलासा तशीच.

निम्मी वेल झाली. त्या दुपारी जेवून आडवं झालासा, मी चा प्यायला उठवाय आले, आन तुमी उठलासा न्हाय. पटाशी फळीवर, पानाच्या देठात टेकवलेली तशीच.

बाराव्याच्या दिसाला जी माणसं आली ती चांगलंच बोलत हुती. पण जाता जाता सगळ्यांच्या तोंडात तेच, शेवटी शेवटी हात गेलता बिचाऱ्याचा. पानी दिऊन दिऊन माझं हात गळत हुतं आन दर गिलासाला वाटायचं, आता बोलू, आता बोलू.

परवा तुमचा ल्योक उद्यमबागच्या कारखान्यातल्या पाळीवरनं आला आन म्हणाला, हत्यारं इकून टाकू, बगितली की जीव तुटतोय. आत्ती रडाय लागल्या. मी म्हणले इकायची तर पुसून तरी ठेवते, आन तुमची पेटी उगडली. रंध्याखाली, गुंडाळल्याल्या चिंधीत, माझी नेलपॉलिशची बाटली.

आप्पा, ती बाटली मी घरभर हुडकली हुती. आत्ती म्हणालत्या आरूनं कुटं तरी टाकली असंल. दार बिगाडलं त्याच सोमवारी हारवलेली, मला पक्कं आठवतंय, मंगळवारी माझ्या भनीकडं वटीभरणाला जायचं हुतं म्हणून मी लई कावलेली.

मंग मशीन काढून बगितली. बिटाच्या दांड्यावर तांबडी रेघ. नटाला लागून ओढलेली असणार, पण आता नटापासनं तांदळाच्या दाण्याएवडी खाली सरकलेली. खोक्याच्या तळाला एक फळकूट, त्याच्यावर एकच लांब रेघ, सुताला धरल्यागत सरळ, हिकडं उथळ, तिकडं खोल. मी आत चा करत रडत बसलेली, आन तुमी भायेर आरू जागी हाय का झोपली बगून, माझ्या नेलपॉलिशनं खूण करून, मशीन तपासून घेतलीती; आवाज मी आतनं आयकलाता, वाटलं दाराचंच काय तरी करायलासा. सोमवारीच. पद्माक्का बुधवारी आल्या.

म्हंजे तुमाला ठावं हुतं. हात हालला म्हणालासा तवा हात हालला न्हवता हे तुमाला ठावं हुतं.

मी तितंच भुशात बसले. पैल्यांदा तुमचा राग आला, खरं सांगते, मेलेल्या माणसाचा राग आला. मला बोलायचं हुतं की! दोन शिव्या घालायच्या. माझ्या बापानं तर कानफडात दिली असती. तुमी मला वाचवलं आन मी वाचले बी, पत्र्याखालची माझी जागा ऱ्हायली, आन त्याच्या बदली गावानं तुमाला म्हातारा केलं. मला ठावं हुतं आन तुमाला ठावं हुतं, आन आपुन दोघं म्हैनाभर एकाच फळीच्या दोन टोकांना गप बसून ऱ्हायलो. भांडला असतासा तर बरं झालं असतं आप्पा. भांडून चा पेलो असतो.

काल पद्माक्का भेटायला आल्या. जरा वेळ बसल्या, डोळं पुसलं, मंग हळूच म्हणाल्या, "झालंय तेवडं दार द्या, फुडचं बेळगावात करून घेते. आप्पांचा तरी काय दोष, हातच थकला हुता."

आप्पा, मी आत गेले आन पोळपाट घेऊन आले, पीठ बी झटकलं न्हाय.

आत्ती म्हणाल्या, "हे काय गं, पावण्यास्नी पोळपाट दावतीस?"

"आक्का, ह्या रेघंवर नख फिरवा."

त्यांनी फिरवलं. "गोल हाय की. झकास."

"फिरवत ऱ्हावा."

"हितं आडलं."

"हात हालला असता तर गोल वाकडा झाला असता. कुटं वाकडा हाय? खोल गेलाय. मशिनीतनं बिट सरकतंय. त्या दाराला बी तेच झालं. आप्पा जड घे म्हणत हुते, ही हलकी मी निवडली. आन मला पैल्याच दिवशी कळलंतं."

मंग मशीन आणून दावली, तांबडी रेघ दावली, फळकूट दावलं. एका दमात बोलले, मधी थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. आत्तींनी पोळपाट माझ्या हातातनं घेतला आन अंगठा फिरवत बसल्या.

"रोज ह्याच्यावर लाटते मी. मला न्हाय कळलं," म्हणाल्या. मंग वर बगितलं. "माझ्या माणसाचा हात गेला म्हणलं सगळ्या गावानं, आन तू गप बसलीस?"

"व्हय," म्हणले.

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता पत्र्याखालचं संपलं.

पद्माक्का म्हणाल्या, "मंग दार आता कोण करणार?"

"मी." माझ्या तोंडातनं कसं निगालं ठावं न्हाय. "पण हिच्यावर न्हाय. जड मशीन आणून."

"तुजा हात कसा हाय?"

"कुनी बगितला न्हाय अजून."

त्या हसल्या, डोळ्यांत पानी आसताना. "दिवाळी तर गेली. आता कवाबी दे." आन उटताना म्हणाल्या, "निपाणीत मी सांगीन, आप्पांचा हात शेवटपतूर शाबूत हुता म्हणून. पण तुज्या गल्लीत तुलाच सांगावं लागंल गं पोरी."

आज सकाळी नळावर सांगिटलं. तिगीच हुत्या. पण त्यातली एक चौकटवाल्याची भन हाय, म्हंजे सांजच्यापतूर काकती पालथी हुईल.

आत्ती कालपास्नं माझ्यासंगं बोलल्या न्हवत्या. मगाशी आरूला पाळण्यात घातलं तवा मागं येऊन उब्या ऱ्हायल्या. "बेळगावला कवा जायचं?"

"उद्या," मी म्हणले.

"पोरीला मी घेते. मशीन जड हाय म्हणत हुते ते, तुला दोनी हात लागतील." आन आत गेल्या. पैशाचं तुमचा ल्योक बगतो म्हणालाय, हप्त्यानं. हत्यारं इकायचं परत काडलं न्हाय त्यानं.

उद्या जायचं हाय. दुकानदार भोकाचं बोलला तर तुमचं उंदराचं सांगीन. नट काढून पकड बगीन, अंगठ्यानं दाबून, डोळं मिटून. मनगट वाकंल माझं, वाकू दे, रोज थोडं थोडं उचलीन. पैलं काम घरातच ठेवीन. पण ह्यो पोळपाट टाकणार न्हाय आप्पा, पायरी तशीच ऱ्हाऊ दे, कणीक मी काढत जाईन.

भ्या वाटतंय. पण नेलपॉलिश तुमच्या पेटीतच ठेवलीया, रंध्याखाली, चिंधीत. प्लग लावायच्या आदी नटाला लागून तांबडी रेघ मारीन. मंग खटका दाबीन. आन रेघ दाण्याएवडी जरी सरकली, तरी ह्या वेळंला मीच पैल्यांदा वराडून सांगीन, सगळ्या गल्लीला आयकू जाईल असं.